शून्यापासून मोजणी

१९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेली पायथन ही संगणकभाषा सांख्यिकी कार्यालयात नव्याने शिकणाऱ्यास सोपी भासते. कंसांची गर्दी नाही. ओळ किती आत सरकवली, हेच व्याकरण. अडचण पुढे येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या अनेक फेऱ्यांची कुटुंबनिहाय माहिती सलग अंकांच्या ओळींत साठवलेली आहे. सोबतचा तक्ता स्थाने १ पासून मोजतो, पायथन ० पासून. शिवाय ती अखेरचे स्थान धरीत नाही. म्हणून तक्त्यातील ४ ते ८ येथे ३ ते ८ होतात. जसेच्या तसे लिहिल्यास १२,३४५ चे २,३४५ होतात आणि यंत्र तक्रार करीत नाही. लहान संख्यांच्या आरंभी शून्य असल्याने त्या मात्र बरोबरच दिसतात! सावध अधिकारी आधी एखादा प्रसिद्ध तक्ता नव्या आज्ञावलीतून काढून ताडून पाहतो.