बोटाखालची छाती



अध्यक्षाने शरीररचनाशास्त्राच्या भवितव्याविषयी बोलावं अशी प्रथा आहे. मी आज फक्त छातीच्या भिंतीविषयी बोलणार आहे. विच्छेदनगृहात तिच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. सगळ्यांना हृदय आणि फुप्फुसं पाहायची घाई असते. बरगड्या कापायच्या, उरोस्थीसकट पुढचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि आत शिरायचं. जे बाजूला ठेवलं, तेच पुढे डॉक्टर झाल्यावर रोज हाताखाली येणार असतं.

मृतदेहावर ही भिंत अर्धीच शिकता येते, असं माझं ठाम मत आहे. बरगड्यांच्या बारा जोड्या, त्यांतल्या सात थेट उरोस्थीला जोडलेल्या, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या, हे तिथे उत्तम दिसतं. पण वरच्या बरगड्या श्वासाबरोबर उरोस्थीला हापशाच्या दांड्याप्रमाणे पुढे-वर उचलतात आणि खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर वळतात, ते फॉर्मॅलिनमधल्या देहात कसं दिसणार? श्वासपटल शांत श्वासात दीडेक सेंटिमीटर सरकतं आणि खोल श्वासात 7 ते 10 सेंटिमीटरपर्यंत. पूर्ण उच्छ्वासात त्याचा उजवा घुमट चौथ्या आंतरबरगडी जागेपर्यंत चढतो. म्हणून उजवीकडे सहाव्या जागेत सुरा लागलेल्या माणसाचं यकृतही फाटलेलं असू शकतं. जखम छातीवर आणि रक्तस्राव पोटात! हे ज्याला डोळ्यांपुढे आणता येत नाही, त्याच्या हातून कॅज्युअल्टीत पोट तपासायचं राहून जातं.

उरोस्थीचा कोन घ्या. गळ्याच्या खाचेतून बोट खाली सरकवलं की साधारण 5 सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या बरगडीची कूर्चा. पहिली बरगडी गळ्याच्या हाडामागे लपलेली असल्याने मोजणी इथूनच सुरू करायची. या पातळीवर, छातीच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे, श्वासनलिका दुभंगते असं आपण पाठ करून घेतो. माणूस उभा राहून खोल श्वास घेतो तेव्हा तीच जागा सहाव्या मणक्यापर्यंत उतरते. पुस्तकातली पातळी आडव्या, निश्चल देहाची आहे.

पुस्तक प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचा धडा आपल्या शास्त्राने एकदा घेतलेला आहे. गॅलेनने प्राण्यांच्या विच्छेदनावरून उरोस्थीचे सात भाग सांगितले आणि शतकानुशतकं माणसाच्या उरोस्थीतही सातच भाग शिकवले गेले. 1543 मध्ये व्हेसेलियसने माणसाची उरोस्थी समोर ठेवून तीन भाग दाखवले. त्याने आपल्याला पुस्तकातून देहाकडे आणलं. देहाकडून जिवंत माणसाकडे जायचं काम आपलं आहे.

इंटर्नला रात्री छातीत नळी (आय.सी.डी.) टाकायची वेळ येते तेव्हा काय होतं, ते आठवा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी आणि चेता असा क्रम असतो, म्हणून नळी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून न्यायची. उत्तर सगळ्यांना येतं. पण रुग्ण स्थूल आहे, धापा टाकतो आहे, बरगडी हाताला लागत नाही, अशा वेळी काखेखालचा सुरक्षित त्रिकोण बोटांनीच शोधावा लागतो. शिवाय पाठीकडे, कण्याजवळ, धमनी खोबणीत नसते. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत उघडी असते आणि वृद्धांमध्ये तर नागमोडी धावते. तिथे सुई घालणाऱ्याला ही जाण हवी.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. आपल्याकडे छातीवर नागीण उठली की घरातले घाबरतात. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत अजून गेलेली नाही. लेप लावण्यात दिवस जातात आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करायचं औषध राहून जातं. खरं तर नागिणीचा विषाणू एका चेतामुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून असतो आणि जागा झाला की त्याच चेतेच्या पट्ट्यात उतरतो. उजवी चेता उजवीकडे, डावी डावीकडे, म्हणून पुरळ बहुधा छातीच्या मध्यरेषेपाशी थांबतं. ज्या मुलीने पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या पाठीपासून छातीपर्यंत असा पट्टा खडूने आखला असेल, ती घाबरलेल्या आजींना हे दोन वाक्यांत समजावून सांगेल.

देहदान करणाऱ्यांचं ऋण मी मानतो. विच्छेदनाचा एक तासही कमी करू नये, या मताचा मी आहे. त्याच्या जोडीला, 2019 च्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रुग्णाजवळ जायची मुभा दिली आहे, तिचा उपयोग इथे करू या. प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न जिवंत छातीवर असावा: बरगड्या मोजा, त्रिकोण आखा, श्वासपटलाची पातळी सांगा. त्यासाठी येणाऱ्या व्यक्तीची संमती लेखी असावी, मुलींसाठी स्वतंत्र खोली असावी, आणि केवळ सडपातळ तरुण न बोलावता वाकलेल्या पाठीचे, फुगलेल्या छातीचे वृद्धही बोलवावेत. दुपारच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचा, दुरुस्त्या सुचवा, आणि पटला तर अनुमोदनाला उभे राहा.