सहाशे त्र्याऐंशींत एक



जून उजाडला की आमच्या मिरकरवाडा बंदरातली लगबग थांबते. यांत्रिकी नौका नांगरून पडतात, जाळी तुनायला निघतात. पावसाळी मासेमारी बंदीचे हे दिवस. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि माशांच्या विणीचा हा हंगाम असतो हे दुसरं. अंडी घालणाऱ्या मादीला सोडलं नाही, तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय? नेमक्या त्याच दिवसांत माझा दहा वर्षांचा नातू कतारहून सुट्टीला आला आणि आमच्या ओटीवर बसून माशांची अंडी उबवू लागला. हातातल्या खेळाच्या यंत्रावर. बाहेर धुवाधार पाऊस, पागोळ्यांचा पडदा, आणि आत हा पोरगा पडद्यावर एका मुलाला सायकलवरून पुलावर पुढे-मागे, पुढे-मागे नुसता पळवतोय.

पहिले दोन दिवस मी कपाळाला आठ्या घातल्या. आजोबा मंडळींचं ते कामच आहे. तिसऱ्या दिवशी वीज गेली, माझं वाचन थांबलं. त्याचं यंत्र बॅटरीवर चालूच होतं. मी शेजारी टेकलो आणि विचारलं, "हा पोर चाललाय कुठे?" नातू म्हणाला, "कुठेच नाही नाना. तो चालला की अंडी फुटतात."

तर खेळाचं नाव पोकेमॉन. त्यातला 'स्वोर्ड' नावाचा, २०१९ साली निघालेला भाग. या खेळाचा जन्म १९९६ सालचा, जपानमधला. सातोशी ताजिरी नावाच्या माणसाला लहानपणी किडे पकडून जमवण्याचा नाद होता. शहर वाढलं, शेतं-तळी बुजली. मोठेपणी त्याने ती मजा खेळात आणली. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, मित्रांशी अदलाबदल करायची. पुढे १९९९च्या आवृत्तीत दोन गोष्टी नव्याने आल्या. एक म्हणजे प्राण्यांची जोडी लावून पिल्लं काढणं. दुसरी म्हणजे क्वचित, फारच क्वचित, नेहमीपेक्षा निराळ्या रंगाचा प्राणी भेटणं. तो समोर आला की अंगावर चांदण्या चमकतात. पोरं त्याला 'शायनी' म्हणतात. तेव्हा असा प्राणी ८,१९२ मध्ये एकदा भेटायचा. २०१३पासून हे प्रमाण ४,०९६ मध्ये एक असं झालं.

मी विचारलं, "तो जास्त ताकदवान असतो का?"

"नाही. ताकद तीच. फक्त रंग वेगळा."

कवी माणसाला याहून जास्त काय सांगायला हवं? माझ्या आठ्या तिथेच गळाल्या.

नातवाला हवा होता सोनेरी मॅजिकार्प. हा मॅजिकार्प म्हणजे तांबडा, मिशाळ, वाटोळ्या डोळ्यांचा मासा, आणि या खेळातला सर्वांत बावळट प्राणी. त्याला लढता येत नाही, नुसता तडफडतो. (पुढे तो वाढून अक्राळविक्राळ जलसर्प होतो, पण ते नंतरचं.) त्याचं अंडं मात्र लवकर फुटतं. नातवाकडे एक मादी मॅजिकार्प होती आणि जोडीला होता डिट्टो. डिट्टो म्हणजे जांभळट लोळागोळा. स्वतःचं रूप नाही, पण कुणाचंही रूप घेतो आणि जवळपास कुणाशीही संसार करतो. दोघांना पाळणाघरात ठेवायचं. तिथली बाई अधूनमधून अंडं देते. अशी पाच अंडी घ्यायची, सहावा सोबतीला अंगात धग असलेला कोळशाचा प्राणी ठेवायचा, म्हणजे ऊब लवकर मिळते. मग सायकल.

आता गंमत ऐका. हा डिट्टो साधा नव्हता, जपानी होता. यंत्रावर त्याचं नाव जपानी अक्षरांत उमटत होतं. नातवाच्या दोह्याच्या शाळेत एक जपानी मुलगा होता. त्याच्या वडिलांची नोकरी संपली, कुटुंब मायदेशी परतलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने नातवाला हा डिट्टो दिला. का? तर या खेळात २००६ सालापासून एक नियम आहे. आई आणि बाप वेगवेगळ्या भाषांच्या खेळात जन्मलेले असले, तर निराळ्या रंगाचं पिल्लू होण्याची शक्यता कैक पटींनी वाढते. देश वेगळा असून भागत नाही, भाषा वेगळी लागते. आजच्या हिशेबाने सहापट. म्हणजे ४,०९६ ऐवजी सुमारे ६८३ अंड्यांमागे एक. जुनिची मासुदा या गृहस्थांनी ही गोष्ट लोकांना सांगितली, म्हणून तिला 'मासुदा पद्धत' म्हणतात. मासुदा मूळचे संगीतकार, पहिल्या खेळाचं संगीत त्यांचं.

श्रोतेहो, माझे वडील इथले, रत्नागिरीचे, घरात कोकणी बोलणारे. आई सोलापूरकडची, तिच्या तोंडी दख्खनी. शाळेत मराठी आणि मशिदीच्या मकतबात उर्दू. आयुष्यभर मला मराठी कविसंमेलनात विचारलं गेलं, "तुम्ही मराठीत लिहिता? वा!" आणि मुशायऱ्यात विचारलं गेलं, "उर्दूत का नाही लिहीत?" दोन्हीकडे मी थोडा ओशाळून हसत आलो. आणि इथे एका जपानी खेळात, दोन भाषांचं घर हे दुर्मीळ रंगासाठी उत्तम स्थळ म्हणून चक्क नियमात बसवलेलं! मी नातवाला म्हटलं, "हे मला चाळीस वर्षांपूर्वी सांगायचं होतंस."

आणखी एक बारकावा. परभाषेतून आलेला डिट्टो आपलं नाव आपल्याच लिपीत राखतो. पिल्लू मात्र ज्या घरात अंडं फुटतं त्या घरच्या भाषेतलं नाव घेतं. हे ऐकून माझी पत्नी आतून म्हणाली, "सुनांचं पण असंच असतं." तिचं लक्ष नव्हतं असं मला वाटत होतं.

आंब्याच्या मुलखात राहून हे सारं मला अगदी परकं वाटलं नाही. आपला हापूस कलमांवर चालतो. कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. नवं काही हवं असेल, तर दोन जातींचा संकर करून कोय रुजवावी लागते आणि वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' निघाला, १९८१ साली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली 'सिंधू' आला, त्याची कोय अगदी पातळ. रत्नात साका होत नाही, झाड दरवर्षी धरतं. तरी बाजारात माणूस हापूसच मागतो. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो-हजारो फुलं असतात, फळं टिकतात एक-दोन. हाताने परागीकरण करून त्यातून नवी जात मिळवणाऱ्या माणसांपुढे नातवाची ६८३ अंडी म्हणजे काहीच नव्हे.

पण मला टोचत होतं ते वेगळंच. दर अंड्यातून तांबडाच मासा निघायचा आणि नातू त्याला सोडून द्यायचा. बटण दाबलं की गेला. मी विचारलं, "कुठे जातात हे?" तो म्हणाला, "सोडले." "पण कुठे?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माणसं सोनेरी-रंगीत मासे करत आली ती अशीच. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी, जपानच्या निईगाता भागात एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी. रंगीत कोई माशांची पिल्लं हजारोंनी निघतात, मोजकी ठेवतात, बाकीची वगळतात. मला हे आवडलं नाही आणि मी तसं बोललो.

दुसऱ्या दिवशी नातवानेच तोड काढली. माझ्या फोनचं इंटरनेट जोडून तो ते तांबडे मासे अनोळखी मुलांना पाठवू लागला. तशी सोय खेळात आहे. आपण एक पाठवायचा, कुठून तरी दुसरा येतो. मग म्हणाला, "नाना, जपानमधल्या मुलाकडे हा गेला ना, तर त्याच्यासाठी हा फॉरेनचा झाला. त्याला उपयोगी." आमच्या ओटीवरचा टाकाऊ मासा तिकडे परभाषेचं स्थळ! मी त्याला चहाबरोबर दोन खारी जास्त दिल्या.

अंड्यांचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर मी पाच-पाचच्या रेघा मारत होतो आणि आकडा मराठीत मोठ्याने म्हणायचा अशी अट मी घातली. नातू घरी उर्दू-हिंदी बोलतो, शाळेत इंग्रजी. मराठी त्याला समजते, पण तोंडात बसत नाही. 'एकोण'पाशी तो अडला. "नाना, एकोणचाळीस म्हणजे तीस-नऊ ना? मग चाळीसचं नाव आधीच का घेतात?" मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, पण मला असा प्रश्न पडला नव्हता. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा मीही तावातावाने बोललो होतो, ते आठवून जरा वरमलो. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. चारशे अंड्यांपर्यंत पोराची जीभ वळू लागली.

४७३ ओलांडल्यावर त्याच्या वडिलांनी दोह्याहून फोनवर सांगितलं, की एवढ्यात निम्म्या मुलांना मिळालेला असतो. पत्नी म्हणाली, "मग आता येईलच." जावई इंजिनिअर. ते म्हणाले, "नाही अम्मी, अंड्याला मागची आठवण नसते. ६८३ अंडी झाली तरी शंभरातल्या सदतीस जणांचे हात रिकामेच." नातू गप्प झाला. रात्री पांघरुणात मला म्हणाला, "पहिला सोनेरी मी त्यालाच देणार आहे. ज्याने डिट्टो दिला त्याला. मी प्रॉमिस केलंय."

"आणि तुला?"

"मला दुसरा."

म्हणजे आणखी ६८३. मी काही बोललो नाही. कुणासाठी वाट पाहणं हे वयानुसार जमतं असं मी समजत होतो.

तो परत गेला त्या दिवशी आकडा होता पाचशे अठ्ठ्याण्णव. निघताना दिनदर्शिकेचा कागद त्याने घडी घालून पारपत्राच्या पिशवीत ठेवला. नारळी पौर्णिमा झाली, नौका समुद्रात गेल्या, बांगडा आला. परवा रात्री फोन वाजला. पलीकडून आधी 'सलाम' नाही, काही नाही, एकदम आकडा.

"नाना, सातशे एकोणऐंशी."

मी विचारलं, "रंग?"

"तांबडा," तो म्हणाला. "लिहून घ्या."