‘काही नाही’ म्हणू नका



मी दोन्ही कानांत श्रवणयंत्र लावते. समोरचा बोलताना त्याच्या ओठांकडे पाहते. आधीच सांगते, म्हणजे कुणी गैरसमज करून घेणार नाही!

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त काय टोचतं, असं विचाराल तर मी दोन शब्द सांगेन: ‘काही नाही’. दस्तरखानावर सगळे हसतात. आपण विचारतो, ‘काय झालं?’ उत्तर येतं, ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ कधी येत नाही. हळूहळू माणूस विचारणंच सोडतो आणि मग लोक त्यालाच घुमा म्हणतात.

लोकांना वाटतं, यंत्र लावलं की चष्म्यासारखं सगळं ठीक होतं. तसं नसतं. यंत्र आवाज वाढवतं, पण शब्दाबरोबर पंखा, भांडी, रिक्षा हेही मोठं होतं. ओठ वाचूनही सगळं कळत नाही. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. उरलेलं आम्ही अंदाजाने जुळवतो आणि संध्याकाळपर्यंत थकून जातो.

त्याहून वाईट म्हणजे लपवणं. मुलगी असेल तर ‘रिश्ता कसा येईल?’ या काळजीने यंत्र ओढणीखाली जातं किंवा घेतलंच जात नाही. लहान मुलांचं यात फार नुकसान होतं. भाषा रुजते ती पहिल्या काही वर्षांतच. म्हणून ‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका, बाळाचे कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे.

खुणांची भाषा शिकली तर मूल मुकं राहील, ही भीतीही सोडा. तीही पूर्ण भाषा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयासमोर हजर झाल्या, त्या याच भाषेच्या बळावर.

आता हक्काचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यांतला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ‘शिक्का नको’ म्हणून अनेक घरं ते काढतच नाहीत. तो शिक्का नाही, तुमच्या हक्काचा कागद आहे.

तुमच्याकडून काय हवं? समोर येऊन, उजेडात बोला. ओरडू नका, त्याने ओठांचा आकार बिघडतो. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा. निकाब असेल तर मोबाइलवर टाइप करून दाखवा. ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकलात तर खाली दोन ओळी लिहा. जुम्याचा खुतबा असो की मोहल्ल्याची सभा, मुख्य मुद्दे पडद्यावर किंवा कागदावर द्या. ऐकू कमी येणारे आजी-आजोबाही दुवा देतील.

यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. आम्हाला सहानुभूती नको, संभाषणात जागा हवी. आज घरी गेल्यावर जेवताना ती करून द्या.