पुढच्या गर्भाआधीचे निदान

आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचे बहुप्रसवतेचे जनुक दख्खनी मेंढीत आणले. ते कोणत्या कोकरात उतरले आहे, हे ते व्यायची वाट न पाहता रक्तावरून ओळखता येते. तीच विद्या मनुष्याच्या आनुवंशिक व्याधींच्या निदानास उपलब्ध असताना, एक मूल गमावलेले दांपत्य दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावरच दवाखान्याची पायरी चढते, याचे मला फार दुःख होते.

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या मुलखात जुनी आहे. अशा विवाहात एकाच आजी-आजोबांकडून आलेले सदोष जनुक पतिपत्नी दोघांतही असण्याचा संभव वाढतो. दोघेही स्वतः निरोगी असतात, परंतु दोन्ही सदोष प्रती अपत्यात एकत्र येण्याची शक्यता प्रत्येक गर्भधारणेत 25 टक्के राहते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हा हिशेब नव्हे. आणि केवळ सुनेला बोल लावणे तर निखालस अन्याय आहे.

तान्हे बाळ मान धरत नाही, पाय हलवत नाही, अशा वेळी डॉक्टर स्नायुक्षयाची शंका घेतात. एक्झोम तपासणीत सुमारे 20,000 जनुकांचा प्रथिने घडविणारा भाग वाचला जातो खरा. परंतु मज्जारज्जूजन्य स्नायुक्षयात बहुधा एसएमएन-1 जनुकाचा तुकडाच गहाळ असतो, आणि तो या वाचनात निसटू शकतो, म्हणून त्याच्या प्रती मोजणारी निराळी चाचणी करावी लागते. अहवालात ‘दोष आढळला नाही’ असा मजकूर आला म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला मिळाला, असे कृपा करून समजू नका.

गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या अंशावरून, अथवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजलावरून होते. 1994 च्या कायद्याने लिंग सांगणे गुन्हा ठरविले असले, तरी नोंदणीकृत केंद्रात व्याधीचे निदान करण्यास मुभा आहे. मात्र काय शोधायचे हे आधी ठाऊक हवे, आणि ते आजारी मुलाच्या रक्तातूनच सर्वांत खात्रीने कळते. म्हणून मूल हयात असतानाच, ते अत्यवस्थ असले तरीही, जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडे रक्त घेऊन त्यातील डीएनए जतन करण्याची तजवीज करावी, अशी विनंती आपल्या डॉक्टरांना अवश्य करा.