न दुखणारे दुखणे



मज्जासंस्थेचा विषय निघाला की मेंदूचे कौतुक आधी होते. सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशींचा तो पसारा कौतुकास पात्रही आहे. परंतु ही संस्था माणसाच्या रोजच्या जगण्यात कोणती कामगिरी बजावते हे नीट समजून घ्यावयाचे असेल, तर कष्टकऱ्याच्या हातापासून आरंभ करणे अधिक उपयुक्त ठरेल.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू हे या संस्थेचे केंद्र. मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूतून ३१. त्यांच्या शाखा-उपशाखा त्वचेच्या कणाकणापर्यंत पोहोचतात. त्यांतील काही तंतू बाहेरची वार्ता आत नेतात. स्पर्श, उष्णता, वेदना या त्या वार्ता. काही तंतू आतली आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचवितात. काही तंतू घाम, रक्तवाहिन्या, हृदयाची गती यांसारखी कामे माणसाच्या इच्छेची वाट न पाहता सांभाळतात.

चुलीवरच्या तापलेल्या पातेल्याला बोट लागले, तर हात मागे येतो आणि ‘भाजले’ ही जाणीव त्यानंतर होते. कारण हात मागे घेण्याची आज्ञा मज्जारज्जूतूनच सुटलेली असते; मेंदूला खबर मागाहून मिळते. सर्व निर्णय केंद्राने घ्यावयाचे ठरविले असते, तर तेवढ्या वेळात बोट अधिक भाजले असते. वेदना ही माणसाला शिक्षा वाटते. वस्तुतः ती त्याची पहारेकरी आहे. चालताना टाचेला खडा बोचला की माणूस नकळत पाऊल तिरपे टाकतो, एका कुशीवर अवघडला की झोपेतही कूस बदलतो. दिवसातून शेकडो वेळा हा पहारेकरी शरीराला वाचवीत असतो.

हा पहारेकरीच नाहीसा झाला तर काय होते, याचे उत्तर महारोगाने दिलेले आहे. १८७३ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला, आणि पूर्वजन्मीच्या पापाची व रक्तदोषाची कल्पना शास्त्राच्या दृष्टीने तेव्हाच निकालात निघाली. हा जंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींत घर करतो आणि शरीराच्या थंड भागात वाढतो. म्हणून जेथे मज्जातंतू त्वचेच्या जवळून जातात, तेथेच त्याचा घाला अधिक पडतो. कोपर आपटल्यावर ज्याच्या झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात, तो मज्जातंतू सुजतो आणि बोटे आत वळू लागतात. गुडघ्याजवळचा तंतू बिघडला की पाऊल लोंबते. चेहऱ्याचा बिघडला की पापणी मिटत नाही. घामाचे तंतू निकामी झाल्यामुळे त्वचा कोरडी पडून भेगाळते. संवेदना, हालचाल आणि स्वायत्त क्रिया, असे मज्जासंस्थेचे तिन्ही व्यवहार एकाच रोगात कोलमडलेले दिसतात.

रोग्याची बोटे झडतात कशी, याविषयी शतकानुशतके गैरसमज होता. रोग मांस कुजवितो, असे डॉक्टरही मानीत. १९४६ पासून वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा निराळेच आढळले. बधिर हाताने रोगी तापलेले भांडे उचलीत होते, कठीण वस्तू गरजेपेक्षा जास्त जोराने आवळीत होते. झोपेत उंदीर बोटे कुरतडीत आणि त्यांना पत्ता लागत नसे. बोटांचा नाश मुख्यत्वे अशा दुर्लक्षित जखमांनी होत होता. जखम दिसताच ती जपली, तर तो टाळता येत होता. हाताला दुखणे उरले नव्हते, म्हणून हात संपत होता.

येथेच या रोगाचे सामाजिक मर्म आहे. पोटात कळ आली की गरिबातला गरीब माणूसही दवाखान्याची वाट धरतो. पाठीवरचा फिकट, बधिर चट्टा दुखत नाही. त्यासाठी रोजंदारी बुडवून कोण जाणार? त्यात बहिष्काराची धास्ती. १८९८ च्या कायद्याने निर्धन महारोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. रोग दोघांचा सारखाच. पकडला जायचा तो मात्र दरिद्री. तो कायदा संसदेने रद्द केला २०१६ मध्ये, आणि जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले २०१९ मध्ये. जंतूचा शोध लागून तोपर्यंत जवळजवळ दीड शतक लोटले होते.

दरम्यान औषध आलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो, आणि तो उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. उपचार लवकर मिळाला तर व्यंग येतच नाही. मज्जातंतूची सूज ताजी असेल, तर गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते. सहा महिने उलटले की ती आशा झपाट्याने मावळते. मेलेला तंतू कोणत्याही निवेदनाने जिवंत होत नाही.

वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले आणि झडलेल्या बोटांचे हातही शेती पिकवू शकतात, हे महाराष्ट्राला दाखविले. तो धडा मोलाचाच आहे. परंतु बोटे झडूच नयेत, हा त्याच्या आधीचा धडा अजून अपुरा आहे. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले, ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले, आणि अनेकांच्या लेखी विषय संपला. प्रत्यक्षात जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच असतात, आणि त्यांत लहान मुलेही असतात.

जो रोग रोग्याला दुखत नाही, तो शोधण्याचे काम इतरांना करावे लागते. वस्तीत फिरणारा कार्यकर्ता मोर्चासाठी माणसे मोजतो, वर्गणी गोळा करतो, रेशनकार्डाचे अर्ज भरून देतो. त्याच फेरीत त्याने उघड्या अंगाच्या मुलाच्या पाठीवरचा फिकट चट्टा पाहिला, बायकांच्या हातावरच्या न कळलेल्या भाजल्याची चौकशी केली आणि त्यांना वेळीच दवाखान्यापर्यंत सोबत केली, तर एक हात वाचतो. त्या हातावर एक घर चालत असते. शरीराच्या टोकाला झालेली इजा केंद्रापर्यंत पोहोचविणे हे मज्जातंतूचे काम. समाजाच्या टोकाला असलेल्या माणसाबाबत ते काम दुसऱ्या कोणावर सोपवून चालणार नाही.