नवजात मेंदूवरील पहारा



मूल जन्मास आलें कीं बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्यांचे कान त्याच्या पहिल्या रडण्याकडे लागलेले असतात. तें ऐकूं आलें म्हणजे सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. या जुन्या रीतीस शास्त्राचाही भक्कम आधार आहे. मेंदूला प्राणवायूवांचून फार वेळ तग धरतां येत नाहीं. नाळ दाबली गेली, वार अवेळीं सुटली, किंवा प्रसूति फार वेळ अडून राहिली, तर मुलाच्या मेंदूस प्राणवायु कमी पडून इजा होते. अशा मेंदूवर यंत्राच्या द्वारें पहारा कसा ठेवतात व त्या पहाऱ्याची मर्यादा काय, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ही इजा पुष्कळदां दोन टप्प्यांनीं होते. श्वास सुरू झाला म्हणजे मेंदूंतील पेशी कांहीं काळ सांवरल्यासारख्या होतात. परंतु इजा मोठी असेल तर कांहीं तासांनीं त्या पुन्हां ढासळूं लागतात. मधले सुमारें ६ तास हाच उपायाचा काळ होय. नेमक्या याच वेळीं मूल नुसतें निपचित पडलेलें दिसतें, आणि आंत काय घडत आहे याचा डोळ्यांना थांग लागत नाहीं.

मेंदूच्या पेशी काम करतांना अतिसूक्ष्म विद्युत् उत्पन्न करतात. जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर यांनीं मनुष्याच्या डोक्यावरून ती १९२४ सालीं प्रथम टिपली व १९२९ सालीं तें संशोधन प्रसिद्ध केलें. पण त्या आलेखाच्या रेषा वाचणें हें तज्ज्ञाचें काम, आणि तज्ज्ञ कांहीं रात्रंदिवस पाळण्याशीं बसूं शकत नाहीं. १९६९ सालीं इंग्लंडांत मेनार्ड, प्रायर व स्कॉट यांनीं पुढें आणलेल्या यंत्रानें ही अडचण बरीच दूर केली. तें मूळचें मोठ्या माणसांसाठीं होतें. नवजात मुलांकडे तें मागाहून आलें. डोक्याच्या दोन्ही बाजूंस बारीक तारा लावतात, आणि यंत्र त्यांतील लहरी गाळून, एका तासाचा आलेख अवघ्या ६ सेंटिमीटरांत दाबून, एक पट्टा काढतें. पुऱ्या दिवसांच्या निरोगी मुलांत या पट्ट्याची खालची कड ५ मायक्रोव्होल्टांच्या वर व वरची १० च्या वर असते. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टाचा दहा लक्षावा भाग. झोंप व जाग यांबरोबर पट्टा रुंद-अरुंद होत राहतो. इजा भारी असली कीं तो खालीं बसतो.

दुसरी गोष्ट आंकडीची. हातपाय न हालतांही नवजात मुलाच्या मेंदूंत आंकडी चालूं असूं शकते. फेनोबार्बिटोन दिल्यावर बाहेरचे झटके थांबतात, पण आंतले चालूच राहतात, असेंही घडतें. उलटपक्षीं साधी थरथर हीच आंकडी समजून औषध दिलें जाण्याचा संभव असतो. पट्ट्याची खालची कड एकाएकीं वर चढली कीं जवळची परिचारिकाही सावध होते. मात्र अल्पकाळ टिकणारी, किंवा तारांपासून दूर उठलेली आंकडी या पट्ट्यांतून निसटते. म्हणून शंका असल्यास पूर्ण आलेखच काढावा लागतो. आईबापांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. पहिल्या तासांतील वाईट पट्टा हा अखेरचा निकाल नव्हे. एकदोन दिवसांत तो पूर्ववत् झालेलीं पुष्कळ मुलें पुढें चांगलीं निघतात.

पहाऱ्यानें दुखणें कळतें. तें बरें होत नाहीं. पाश्चात्य देशांत अशा मुलांचें शरीर पहिल्या ६ तासांत थंड करून ७२ तास सुमारें ३३.५ अंशांवर ठेवतात, आणि त्यानें तेथें मृत्यु व अपंगत्व घटलें. परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ मुलांवरील 'हेलिक्स' प्रयोगाचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, तो निराळा निघाला. मुंबईचें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत सामील होतें. शीतोपचार मिळालेल्यांत मृत्यूचें प्रमाण ४२ टक्के, तर न मिळालेल्यांत ३१ टक्के आलें. परदेशचा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतोच असें नाहीं.

शहरांतील पुष्कळ सुना पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं जातात. तें माहेर बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्ड्यासारखें असलें, तर अडलेल्या मुलास जिल्ह्याच्या ठिकाणीं नेण्यांतच त्या ६ तासांपैकीं किती वेळ जाईल! तेथें पहिल्या मिनिटाचें मोल सर्वांत अधिक. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ खेड्यांतील स्त्रियांना, न रडलेल्या मुलास साध्या साधनानें श्वास देण्याचें शिक्षण दिलें. श्वास कोंडून होणारे मृत्यु त्यानें सुमारें ६५ टक्क्यांनीं घटले.

तेव्हां ज्या घरीं बाळंतपण व्हावयाचें आहे त्यांनीं दोन प्रश्न आधींच विचारून ठेवावेत. मूल रडलें नाहीं तर त्यास पहिला श्वास देणारें शिकलेलें माणूस तेथें कोण? आणि पुढें न्यावयाचें झाल्यास वाहन कोणतें व रुग्णालय कोणतें? यंत्राचा पहारा त्याच्या मागून येतो.