दोन टक्क्यांचा कायदा

गावच्या शाळेत नवा संगणक येतो आणि भिंतीवर 'अमुक कंपनीच्या सौजन्याने' अशी पाटी लागते. कंपनीचं नाव कधीकधी शाळेच्या नावापेक्षाही मोठं असतं! या पाटीमागे बहुधा कंपनी कायदा 2013, कलम 135 असतं. वर्षाला 5 कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा, 1000 कोटींची उलाढाल किंवा 500 कोटींची नक्त मालमत्ता, यांपैकी एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे.

आपल्याकडे दानधर्म जुना. धर्मशाळा, पाणपोई, अन्नछत्र हे व्यापाऱ्यांनीही चालवलं. 1910 साली औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना काढला, तेव्हा सोबत कामगारांची वसाहतही उभी केली आणि तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक घातला. गंमत पाहा, केवळ आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च आजच्या कायद्यात या दोन टक्क्यांत धरत नाहीत. राजकीय पक्षाला दिलेली देणगीही नाही.

कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्या, असं कायदा सांगतो. हेतू चांगलाच, पण जिथे कारखानाच नाही, त्या अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागातल्या पाड्यानं कोणाकडे पाहायचं? पैसा मुंबई-पुण्याभोवतीच घुटमळतो, तो असा.